एका पानावर सहा वस्त्या

मा. संपादक,

स. न. वि. वि.

जिल्हा परिषद शाळांना मिळालेले स्मार्ट टीव्ही बंद पडून असल्याची बातमी आपल्या दैनिकात वाचली आणि त्यावर आलेली वाचकांची पत्रंही वाचली. वीजबिल कोण भरणार, दुरुस्ती कोण करणार, असा बहुतेकांचा सूर आहे. ते प्रश्न खरेच आहेत. पण टीव्ही व्यवस्थित चालू असलेल्या वर्गात काय घडतं, हे कुणीच लिहिलेलं नाही, म्हणून हे पत्र.

मी जुन्नर तालुक्यातल्या एका शाळेत पदवीधर शिक्षिका आहे. आठवीला मराठी आणि भूगोल शिकवते. आमचा टीव्ही चालतो. ज्वालामुखीची चित्रफीत लावली की मुलं डोळे विस्फारून बघतात आणि मलाही आनंद होतो. पण तास संपल्यावर त्यांच्या वहीत त्यांचं स्वतःचं म्हणावं असं काही उरत नाही. फळा मोठा झाला, रंगीत झाला. खडू मात्र अजून माझ्याच हातात आहे. तो मुलांच्या हातात द्यायचा तर वेगळं तंत्र लागतं. सगळ्यांनी एकाच वेळी एकाच पानावर लिहायचं, एकमेकांचं वाचायचं, एकमेकांना विचारायचं. हे तंत्र नवं नाही आणि महागही नाही. ते वर्गात कसं वापरायचं, हे शिक्षकाला शिकवणारी माणसं मात्र कमी आहेत.

मी ते कसं शिकले, तेवढं सांगते. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि सगळे शिक्षक ऑनलाइन झाले, असं म्हटलं गेलं. प्रत्यक्षात आम्ही स्वाध्यायाचे फोटो काढून व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकायला शिकलो. मुलं वहीचे फोटो परत पाठवत. त्यात एकत्र असं काहीच नव्हतं. पुढे ऑनलाइन प्रशिक्षणं झाली. व्हिडिओ पाहायचा, चार पर्यायांतला एक निवडायचा, प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं. त्यातून माहिती मिळाली, सवय मात्र लागली नाही.

सवय लागली ती आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, आम्ही चौघांनी भूगोलाची घटक चाचणी मिळून तयार केली तेव्हा. चौघे चार गावांत आणि कागद एकच, गूगल डॉक्सवरचा. मी प्रश्न लिहिला होता, ‘पठारी प्रदेशाची वैशिष्ट्ये लिहा.’ माझ्या डोळ्यांदेखत शेजारच्या शाळेतल्या सरांनी तो खोडून ‘तुमच्या गावाच्या आसपास पठार कुठे दिसते? ते पठार आहे हे कशावरून?’ असं केलं. मला राग आला, म्हणजे खरोखरच आला. माझ्या वाक्याला कुणी न विचारता हात लावावा, याची इतक्या वर्षांच्या नोकरीत सवय नव्हती. मग समासात त्यांनी कारण लिहिलं, ‘बाई, वैशिष्ट्यं विचारली की पोरं पाठ केलेलं उतरवतात.’ ते पटलं आणि प्रश्न तसाच राहिला. आपलं वाक्य दुसऱ्याने बदललं की पोटात काय होतं आणि कारण कळलं की ते कसं शांत होतं, हे मी त्या दुपारी अनुभवलं. मुलांना एका पानावर लिहायला बसवण्याआधी शिक्षकाला हा अनुभव असायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

आता वर्गाचं सांगते. आमच्याकडे एका कंपनीने दिलेले सहा जुने लॅपटॉप आहेत. नेट येतं-जातं. मुलांना आईवडिलांच्या मोबाइलवरून, आईवडिलांच्याच खात्यातून लिहायला लावणं मला मान्य नव्हतं. स्वतःचं गूगल खातं काढायला वयाची तेरा वर्षं पूर्ण असावी लागतात आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तर अठरा वर्षांखालच्या प्रत्येकासाठी पालकांची संमती सांगितली आहे. हे नियम आपल्या मुलांच्या भल्यासाठीच आहेत, ते शिक्षकानेच वळसा घालून ओलांडायचे नसतात.

पुण्यात अभियांत्रिकी शिकणारा आमचा एक माजी विद्यार्थी दिवाळीला गावी आला होता. त्याने वाट काढली. ‘ईथरपॅड’ नावाचा एक मोफत प्रोग्राम आहे. तो 2008 मध्ये आला, पुढच्या वर्षी गूगलने तो बनवणारी कंपनी विकत घेतली आणि प्रोग्राम सर्वांसाठी खुला झाला. त्या मुलाने तो शाळेतल्या एका जुन्या संगणकावर बसवला आणि राउटर जोडून दिला. बाहेरचं इंटरनेट लागत नाही, खातं लागत नाही. सहाही लॅपटॉपवर एकच पान उघडतं, एकाने टाइप केलेलं अक्षर दुसऱ्याला तत्क्षणी दिसतं आणि प्रत्येक लॅपटॉपवरच्या मजकुराला आपापला रंग असतो.

मी गट वस्तीप्रमाणे केले: गावठाण, वरचा मळा, खालचा मळा, ठाकरवाडी, कॅनॉलकडची वस्ती आणि डोंगराकडची वाडी. म्हणजे एका वस्तीला एक लॅपटॉप आणि एक रंग. विषय ठेवला बिबट्या.

जुन्नरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे हा विषय प्राणिसंग्रहालयातला नाही. ऊस दाट, उंच आणि वर्षभर उभा. बिबट्याची मादी त्यातच पिल्लं घालते, तिथेच वाढवते. या पट्ट्यात माणसं गेली आहेत, लहान मुलंही गेली आहेत. संध्याकाळी शाळा सुटायला उशीर झाला की पालक दारात उभे राहतात. या विषयावर माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं आणि पाठ्यपुस्तकात त्याचं तयार उत्तर नव्हतं.

पानावर मी आधीच चार मथळे लिहून ठेवले होते: पाहिलेलं, ऐकलेलं, वनरक्षकांनी सांगितलेलं, आपण काय करतो. वनरक्षक आदल्या आठवड्यात शाळेत येऊन बोलून गेले होते. प्रत्येक गटाने एका वेळी एकच वाक्य लिहायचं. एकाने टाइप करायचं, एकाने सांगायचं, बाकीच्यांनी इतर रंग वाचत राहायचं आणि थोड्या वेळाने जागा बदलायच्या.

पहिली काही मिनिटं पान वेडंवाकडं भरत गेलं. मग वरच्या मळ्याने ‘पाहिलेलं’ या मथळ्याखाली लिहिलं, ‘वनखातं रात्री गाडीतून बिबटे आणून आपल्या उसात सोडतं.’ हे वाक्य गावात सगळे बोलतात. त्याच्या खाली ठाकरवाडीचा रंग उमटला, ‘कोणी पाहिलं?’ वरच्या मळ्याने उत्तर दिलं, ‘मामाने सांगितलं.’ ठाकरवाडी: ‘मामाने पाहिलं का?’ थोडा वेळ त्या ओळीवर काहीच हललं नाही. वरच्या मळ्याची चार डोकी एकत्र आली, कुजबुज झाली आणि मग त्यांनी स्वतःच ते वाक्य तिथून कापून ‘ऐकलेलं’ या मथळ्याखाली नेऊन ठेवलं. मी एक अक्षर बोलले नव्हते. वस्तुस्थिती आणि ऐकीव माहिती यातला फरक मी दर वर्षी फळ्यावर दोन रकाने आखून शिकवत आले आहे. पण आपलं वाक्य स्वतःच्या हाताने उचलून दुसऱ्या रकान्यात ठेवणारी मुलं मी त्या दिवशी पाहिली. ठाकरवाडीची मुलं एरवी वर्गात शेवटच्या रांगेत बसतात. रानातलं त्यांना सर्वांत जास्त कळतं आणि त्या तासाला पानाची सूत्रं त्यांच्याकडेच होती.

कॅनॉलकडच्या वस्तीतल्या एका मुलीने लिहिलं, तिच्या आईला ऊसतोडीच्या वेळी फडात पिल्लं दिसली होती. कुणी हात लावला नाही, तोड थांबवली, वनखात्याला फोन केला आणि रात्रीतून मादी येऊन पिल्लं घेऊन गेली. लगेच खालच्या मळ्याने वनरक्षकांचं बोलणं त्याच्या शेजारी आणून ठेवलं: पिल्लं उचलून घरी आणायची नाहीत, जागा बदलली तर मादीला सापडत नाहीत आणि ती चवताळते. एका घरातला अनुभव आणि खात्याची सूचना अशी शेजारी आल्यावर सूचनेमागचं कारण मुलांना आपोआप कळलं.

सर्वांत मोलाची गोष्ट ‘आपण काय करतो’ या मथळ्याखाली निघाली. हातात बॅटरी, मोबाइलवर गाणी लावून चालायचं, अंधारात वाकून बसायचं नाही, हे सगळ्यांनी लिहिलं होतं. मग डोंगराकडच्या वाडीने लिहिलं, ‘रात्रीची लाइट असली की बाबा मोटर चालू करायला एकटेच जातात.’ लगेच बाकीच्या रंगांतूनही तसंच यायला लागलं. शेतीपंपांची वीज आळीपाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. कोणत्या वस्तीला रात्रीची पाळी कधी, कोणाची मोटर कॅनॉलच्या कडेला, कोणाची विहिरीवर, वाट कुठून जाते, असा तक्ता मुलांनी त्या पानावरच बनवला. सहा वस्त्यांची माहिती अशी एकत्र मांडलेली गावात दुसरीकडे कुठेही नव्हती, ग्रामपंचायतीतही नाही. तक्ता छापून आम्ही ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला. वनरक्षकांनी त्याची एक प्रत मागून नेली. एकाच वाटेने मोटरीवर जाणाऱ्या दोन वस्त्यांतले बाप आता रात्रीच्या पाळीला एकमेकांना हाक मारून जातात, हे मला मुलांकडून कळलं.

अडचणी आल्या, त्याही सांगायला हव्यात. एका गटाचं वाक्य दुसऱ्याने पुसून टाकलं आणि वर्गात भांडण पेटलं. ईथरपॅडमध्ये घड्याळाच्या चिन्हावर क्लिक केलं की पान पहिल्या अक्षरापासून पुन्हा उलगडत जातं. ते मी टीव्हीवर लावलं. कोणाचं काय केव्हा गेलं, हे सगळ्यांनीच पाहिलं, आरोप करायची गरज राहिली नाही. टीव्हीचा इतका चांगला उपयोग त्याआधी आमच्या वर्गात झाला नव्हता. नियमही मुलांनीच ठरवला: दुसऱ्याचं खोडायचं नाही, खाली प्रश्न लिहायचा.

टाइप करणं हळू चालतं. इन्स्क्रिप्ट या मराठी कळफलकावर ‘बिबट्या’तला ‘ट्या’ लिहायला ट, मग पाय मोडायचा, मग य, मग काना. तोंडाने हे म्हणत म्हणत टाइप करणाऱ्या मुलांचं जोडाक्षर वहीतही सुधारलं, हा मराठीच्या शिक्षिकेला मिळालेला वरचा लाभ.

आता माझं म्हणणं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, पाठ्यपुस्तकांतले क्यूआर कोड घरोघरी पोचले, याचा मला शिक्षिका म्हणून अभिमान आहे. त्यांनी बक्षिसाची निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटली, ते मला त्याहून मोठं वाटतं. पण तेव्हापासून प्रत्येक शिक्षकाला एकट्याने काहीतरी करून दाखवायला सांगितलं जातं. एकत्र काम करण्याचं तंत्र एकट्याने शिकता येत नाही. मला ते तीन सहकाऱ्यांनी आणि एका माजी विद्यार्थ्याने शिकवलं.

दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद होते. तिच्यातला एक तास शिक्षकांना द्यावा, अशी माझी शिक्षण विभागाला विनंती आहे. भाषण नको, सादरीकरण नको. त्या तासात केंद्रातल्या शिक्षकांनी एका पानावर एक पाठ मिळून लिहावा, एकमेकांचं खोडावं, वाद घालावा. पुढच्या महिन्यात वर्गात काय झालं, ते त्याच पानावर लिहावं. यासाठी वेगळा निधी लागत नाही. केंद्रप्रमुखांनी ठरवलं तर येत्या महिन्यातही होऊ शकेल.

दुसरी विनंती आपल्या वाचकांना. आमच्या भागातली कितीतरी मुलं आज पुण्या-मुंबईत सॉफ्टवेअरमध्ये काम करतात आणि शनिवार-रविवारी गावी येतात. शाळेला काय देऊ, असं ती विचारतात आणि बहुधा टीव्ही किंवा कपाट देऊन जातात. त्यांनी शाळेला एक शनिवार द्यावा. आपल्याकडे शनिवारी सकाळची शाळा असते, दुपारी संगणक मोकळे असतात. जुन्या संगणकावर हा प्रोग्राम बसवून द्यावा, तो बंद पडला तर काय करायचं हे दोन शिक्षकांना आणि दोन मुलांना शिकवून जावं आणि फोन नंबर संगणकाच्या मागे चिकटवून ठेवावा. ज्यांना जमेल त्यांनी आपापल्या गावच्या मुख्याध्यापकांना थेट फोन करावा.

(कृपया नाव छापू नये.)

आपली,
एक पदवीधर शिक्षिका,
ता. जुन्नर, जि. पुणे