ड्रम काढले म्हणजे बँड भरकटला का?

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत ब्लॅक मेटलवर, म्हणजे हेवी मेटलच्या त्या भरधाव, किंचाळत गायच्या प्रकारावर, लेख बघून आधी बरंच वाटलं, कारण मराठी पेपरात या म्युझिकचं नाव निघतं ते नॉर्वेत चर्च जाळली त्या प्रकरणापुरतंच. पण वुल्व्हज इन द थ्रोन रूम हा अमेरिकन बँड मधे भरकटला आणि मग चूक सुधारून परत आला, असं जे लिहिलंय ते काही पटलं नाही म्हणून हे पत्र.

भरकटला म्हणजे काय, तर २०१४ ला त्यांनी सेलेस्टाइट हा अल्बम काढला. त्यात ड्रम नाहीत, गाणारा नाही, बहुतेक सगळा सिंथ, म्हणजे सिंथेसायझर. मी पहिल्यांदा लावला तेव्हा दहा मिनिटं ड्रम कधी सुरू होतात याचीच वाट बघत बसलो, मग वाटलं फाइलच चुकीची आहे, आणि शेवटी चिडून बंद केला. तेव्हा मीही हेच म्हणत होतो की संपले हे. मग बऱ्याच दिवसांनी त्याच्या आधीचा सेलेस्टियल लिनिएज (२०११) हेडफोन लावून ऐकत होतो आणि अचानक लक्षात आलं की अरे, गिटारच्या भिंतीमागे जे काहीतरी सतत घुमतंय ना, तेच तर सेलेस्टाइटमधे पुढे आणून ठेवलंय! सेलेस्टाइट हा लिनिएजचा जोडीदार म्हणूनच केलेला आहे. गाणं थांबलं आणि तानपुरा तेवढा चालू राहिला असं समजा. तानपुरा नवीन नसतो, आधीपासून असतोच की, आपलं लक्ष गाण्याकडे असतं एवढंच.

आणि ही सवय काही तेव्हाची नाही. हा बँड चालवणारे ऑलिंपियाचे (वॉशिंग्टन राज्य) वीव्हर बंधू, ॲरन आणि नेथन, २००७ च्या टू हंटर्समधेच हे करत होते. चार ट्रॅक, पहिल्यात कोणी ओरडतच नाही, आणि तिसऱ्यात सुरुवातीला जेसिका केनीचा आवाज येतो, एवढा शांत की पुढे ब्लास्टबीट, म्हणजे ड्रमचे अतिवेगवान ठोके, सुरू होतात तेव्हा अंगावर येतात. ब्लास्टबीट किती फास्ट आहे याला माझ्या मते काही अर्थ नसतो, त्याच्या आधी किती शांतता होती त्यावर सगळं असतं. गिटारवाला एकच सूर इतका भरभर छेडतो की थोड्या वेळाने वेग जाणवतच नाही, पाऊस पडत असावा तसं होतं. मग २००९ च्या ब्लॅक कॅस्केडमधे ही सजावट काढून टाकली, स्टेजवर वाजवतात तसा सरळ दणका. म्हणजे एकदा भरायचं, एकदा काढायचं, हे यांचं पहिल्यापासूनच चालू आहे, मग सेलेस्टाइटवरच एवढा राग का?

२०१७ च्या थ्राइस वोव्हनमधे ड्रम परत आले आणि सगळ्यांनी हुश्श केलं, मीही केलं, खोटं कशाला बोलू. २०२१ चा प्रायमॉर्डियल आर्काना मात्र त्यांनी स्वतःच्या स्टुडिओत, मिक्सिंगपासून सगळं स्वतःच केलाय आणि तक्रार करायचीच तर मी त्याच्याबद्दल करेन. गाणी आखूड झाली, आवाज स्वच्छ झाला, प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येतं, पण ते एकमेकांत मिसळून जायचं धुकं कमी झालं. चांगला आहे, वाईट नाही, पण मी परत परत लावतो तो टू हंटर्सच.

आणि हो, लेखात सेलेस्टाइटचं साल २०११ छापलंय. ते सेलेस्टियल लिनिएजचं. नावं इतकी सारखी की घोळ होणारच, पण ती सारखी का ठेवली असतील हे लेखकाने एकदा दोन्ही लागोपाठ ऐकून बघावं.

आपला,
एक नियमित वाचक