बाबा, तो बोल्ट मी येईपर्यंत राहू द्या

ती. आई-बाबा,

सादर नमस्कार.

काल रात्री फोन ठेवल्यावर झोप लागेना, म्हणून सरळ लिहायला बसले. बाबा, तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात, "मागच्या शॉकअपचा खालचा बोल्ट जरा अडलाय." बाकीचं आईनं सांगितलं. दोन संध्याकाळी तुम्ही गाडीखाली होतात, पान्याला पाईप लावलात, शेवटी त्या पाईपवर पाय देऊन उभे राहिलात आणि आता उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. तिच्यावर रागावू नका. ती घाबरली होती, आणि ऐकून मीही घाबरले.

आधी ज्यानं माझी झोप उडाली ते लिहिते. गाडी नुसत्या जॅकवर होती ना? आई म्हणाली, खाली स्टँड दिसले नाहीत. बाबा, जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. हायड्रॉलिक जॅकमधलं एक सील गळलं की तो हळूहळू खाली बसतो, किंवा जोर लावताना गाडी हलली की सटकतो. आणि अडलेल्या बोल्टाला आपण जोर लावतो म्हणजे गाडीच हलवत असतो. हे मला तुम्हीच शिकवलंत. चाक काढलं की ते आडवं करून गाडीखाली सरकवून ठेवायचं, हेही तुमचंच. मग या वेळी का नाही? घाई कसली होती?

आता बोल्टाकडे येते. "थोडा फिरतो, पण पाना सोडला की परत मागे येतो," असं तुम्ही म्हणालात. हे वाक्य ऐकताच मला कळलं, कारण महिन्याभरापूर्वी माझ्या गाडीच्या उजव्या बाजूला अगदी हेच झालं होतं. तेव्हा तुम्हाला फोन केला नाही. तुम्ही काळजी करत बसला असता.

शॉकअपच्या खालच्या कडीत रबराचा बुश असतो आणि बुशच्या पोटात लोखंडी नळी. बोल्ट त्या नळीतून आरपार जातो. तुमचा नट निघाला, म्हणजे आटे मोकळे आहेत. गंज धरलाय तो नळीच्या आत, बोल्टाच्या सरळ भागाला. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. एवढ्याशा फटीत तो फुगला की बोल्ट आणि नळी एकच वस्तू होऊन बसते. मग तुम्ही बोल्ट फिरवता तेव्हा नळीही फिरते आणि तिच्याभोवतीचं रबर पिळलं जातं. पाना सोडला की रबर आपला पीळ सोडतं, म्हणून बोल्ट मागे येतो. तो हट्ट बोल्टाचा नाही, रबराचा आहे. तिथे कितीही लांब पाईप लावला तरी गंजापर्यंत तुमची ताकद पोचतच नाही.

मी हिशेब करून पाहिला. तुमचं वजन ६५ किलो धरलं आणि पाईपचं टोक बोल्टापासून ६० सेंटिमीटरवर असलं, तर नुसतं उभं राहून जवळजवळ ३८० न्यूटन-मीटरचा पीळ पडतो. ८.८ दर्जाचा (हा बोल्टाच्या ताकदीचा आकडा, त्याच्या डोक्यावर लिहिलेला असतो) १२ मिलिमीटरचा बोल्ट बसवताना साधारण ८० लागतात. म्हणजे चौपटीहून जास्त. आधी रबर पिळत गेलं म्हणून तो पीळ पुरता चढला नसेल. पण रबराची हद्द संपल्यावर तोच जोर बोल्टाच्या मानेवर येतो. ती तुटली असती तर तुम्ही पाईपसकट खाली आला असता. खांद्यावर निभावलं.

माझी मान तुटली (म्हणजे बोल्टाची). तो क्षण मी विसरणार नाही. पाना इतका वेळ दगडासारखा होता आणि एकदम मऊ पडला. वाटलं, सुटला! मोठ्यानं "हो!" असं ओरडलेही. अजून पाव फेरा गेला, तोही मऊच, आणि मग सॉकेट हातात आलं. आत बोल्टाचं डोकं अडकलेलं, तुटल्या जागी स्वच्छ करडा चमकता गोल, गंजाचा ठिपका नाही. लोखंड शेवटच्या क्षणापर्यंत चांगलं होतं. मी जास्त ओढलं. तिथेच जमिनीवर बसून मी रडले, आई. रात्रीचे साडेदहा वाजले होते, गाडी स्टँडवर होती आणि दुसऱ्या दिवशी कामाला जायचं होतं.

त्याआधी हातोडीनं ठोकून पाहिलं होतं. नट परत बोल्टावर चढवला, टोकाशी बरोबर आणला आणि नटावर घाव घातले, म्हणजे आटे चेचले जात नाहीत. ही तुमची सवय, बाबा. सोडलेला प्रत्येक नट त्याच्याच बोल्टावर हातानं दोन आटे चढवून डब्यात टाकायचात. मला लहानपणी वाटायचं, हे नीटनेटकेपणासाठी असेल. पण बोल्ट काही हलला नाही.

शेवटी कापावा लागला. शॉकअपची कडी ज्या ब्रॅकेटमध्ये बसते, त्याचे दोन कान (दोन्ही बाजूंच्या पट्ट्या) आणि मधला बुश यांच्यात करवतीची चौकट शिरत नाही. म्हणून नुसतं पातं घेतलं, एका टोकाला चिंध्या गुंडाळल्या आणि कानाला लागून कापत गेले. नळी आणि बोल्ट दोन्ही एकदमच कापायचे असतात. एका बाजूला तासभर लागला, दुसरीला त्याहून जास्त, आणि तीन पाती संपली. शॉकअप नवीन घालायचाच होता, त्यामुळे जुन्याचा बुश गेला तरी दुःख नव्हतं. तुमचाही बदलायचाच आहे ना? मग आपलाही शेवटचा मार्ग तोच, आणि तो मला येतो.

तापवायचा विचार करू नका. आई, बरणीचं धातूचं झाकण अडकलं की तू त्यावर गरम पाण्याची धार धरतेस, तेच तत्त्व नटाला लागू पडतं. नटाचं १२ मिलिमीटरचं भोक २०० अंशांनी तापलं तर जेमतेम ०.०३ मिलिमीटरनं मोठं होतं, केसाच्या जाडीहूनही कमी, पण गंजाची पकड तुटायला कधी कधी तेवढं पुरतं. इथे मात्र बोल्टाला चिकटून रबर आहे, ते पेटतं आणि त्याचा धूर वाईट. शिवाय बऱ्याच शॉकअपमध्ये दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. त्याच्या नळकांड्याजवळ ज्योत न्यायचीच नाही.

तेलाचंही सांगते. तुम्ही डब्ल्यूडी-४० मारलंत, ते मूळचं १९५३ साली पाणी हटवण्यासाठी बनवलेलं, ४० व्या प्रयत्नात जमलं म्हणून ते नाव. वाईट नाही, पण इथे मुरणारं तेल हवं, पेनिट्रेटिंग ऑइल म्हणून मिळतं ते. आणि तुम्ही ते नटाच्या जागी, आट्यांवर मारलंत. तिथे गरज नव्हती. नळीची दोन्ही तोंडं जिथे ब्रॅकेटच्या कानाला टेकतात, तिथल्या बारीक फटीत ते गेलं पाहिजे. आधी वायर ब्रशनं माती आणि पापुद्रे काढायचे, नाहीतर तेल मातीतच मुरतं. एकदा मारून अर्ध्या तासानं पाना लावायचा, असंही नाही. सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं, तीन-चार दिवस. माझ्या डाव्या बाजूचा बोल्ट असाच चौथ्या दिवशी निघाला. पाईप लागला नाही, हातोडीचे मोजून सहा-सात घाव बसले आणि तो तपकिरी चिखल ओढत बाहेर सरकला. उजव्या बाजूला मी तेवढी थांबले नाही. दोन्ही बोल्ट एकाच गाडीचे, एकाच वयाचे.

नवीन बसवताना सरळ भागाला तांब्याचं अँटी-सीझ ग्रीस (बोल्ट पुन्हा अडकू नये म्हणून लावतात ते) लावलं, आट्यांना नाही. आटे बुळबुळीत झाले की त्याच टॉर्कला, म्हणजे पान्याच्या तेवढ्याच पिळाला, बोल्ट जास्त ताणला जातो. बोल्ट आधी हातानं उलटा फिरवला, आटा टक्कन खाली बसल्याचं बोटांना जाणवलं आणि मग सुलटा घेतला. तेव्हा तुमची फार आठवण आली. शेवटचं आवळणं मात्र गाडी चाकांवर उतरवल्यावर केलं. लोंबकळत्या अवस्थेत आवळलं तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे मला आधी माहीत नव्हतं. तुम्हाला होतं का?

मी पुढच्या शुक्रवारी रात्री पोचते आणि रविवारपर्यंत आहे. स्टँडची जोडी आणि करवतीची पाती मी आणते. तोवर पाना लावायचा नाही, फक्त तेल, आणि तेही गाडी चाकांवर उभी असताना बाजूनं हात घालून, डाव्या हातानं. काढलेला नट आजच परत चढवून ठेवा, आणि गाडी कुठे नेऊ नका. आई, तेल दोन्ही वेळा मारलं गेलं का ते बघ, आणि खांद्याला काय झालंय ते एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. शुक्रवारपर्यंत थांबू नका.

एक काम आहे, बाबा. बोल्ट कापावा लागलाच तर नवीन हाताशी हवा. त्याच्या डोक्यावर ८.८ लिहिलंय की १०.९, ते टॉर्च मारून बघा. काढलेला नट चढवण्याआधी त्याचं माप घ्या, आणि कानाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या कानाच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. कळवलंत की दोन बोल्ट आणते, एक जास्तीचा.

तुमची,
ताई