इंजिन बदललं, पण हीटरचं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

जुन्या गाडीत नवीन इंजिन बसवण्यावरचा तुमचा लेख वाचला, झकास होता, पण हीटरबद्दल एक ओळ नाही! फोक्सवॅगनच्या जुन्या बीटल गाडीचं इंजिन हवेवर थंड होणारं, तिची गरम हवा एक्झॉस्टभोवतीच्या डब्यांतून यायची, त्यात सुबारू या जपानी कंपनीचं पाण्यावर थंड होणारं इंजिन टाकलं की ते डबे जातात आणि मग केबिन गारठलेली, काचेवर वाफ ती वेगळीच.

उपाय तसा सोपा, छोटा हीटर कोर (इंजिनच्या गरम पाण्यावर तापणारा लहानसा रेडिएटर), ब्लोअर म्हणजे पंखा, आणि दोन होज म्हणजे रबरी नळ्या. गोची पाइप कुठे जोडायचे इथे आहे. गरम कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) हेडकडून, म्हणजे इंजिनच्या सिलिंडरवरच्या झाकणाकडून घ्यायचं, परत वॉटर पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला सोडायचं, म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरचा रस्ता अडवणारी झडप) बंद असतानाही ते फिरतं. मी शहाणपणा करून दोन्ही होज एकाच बाजूला जोडले, प्रेशरमध्ये फरकच नाही तर पाणी फिरणार कसं? एक होज कोमट, दुसरा थंडगार, आणि मी आपला आठवडाभर ब्लोअरला शिव्या घालतोय. जोडणी सुधारल्यावरही कोरमध्ये हवा अडकली होती, गाडीचं नाक वर उचलून होज ढिला केला तेव्हा कुठे बुडबुडे निघाले.

आणि जुने डबेच ठेवणाऱ्यांनो, ते गंजून भोक पडलं तर कार्बन मोनॉक्साइड थेट केबिनमध्ये येतो, त्याला वासही नसतो, तेव्हा आधी ते तपासा.

पुढच्या लेखात होजच्या जोडणीचं एखादं चित्र द्याच.

आपला,
एक हौशी वाचक