सर्व्हेचं काम म्हणाले होते ते...

आई, बाबा,

फोनवर सांगायला घेतलं तर आई रडेल आणि बाबा गप्प बसतील म्हणून लिहितेय, पूर्ण वाचा आणि मगच फोन करा. मे महिन्यात मी म्हणाले होते ना की उत्तरेकडे जंगलात सर्व्हेचं काम मिळालंय, त्यातलं जंगल तेवढं खरं होतं. मी वणवा विझवायच्या क्रूमध्ये होते, एका काँट्रॅक्टरकडे. सीझन संपत आलाय म्हणून आता हिंमत झाली. जुलैमध्ये इथंच कॅनडात, रेव्हलस्टोकजवळ 19 वर्षांची एक फायरफायटर मुलगी झाड पडून गेली, त्या आठवड्यात बाबांचे दोन फोन आले आणि दोन्ही वेळा "तिकडं ऊन कसंय" एवढंच विचारलं. बाबा, तुम्हाला कळलं होतं ना?

सरेमध्ये 3 वर्षं राहून मला वाटायचं ब्रिटिश कोलंबिया बघून झालं, कसलं काय. तिथून गाडीने 2 दिवस उत्तरेला गेलो, अलास्का हायवेवर, फोर्ट नेल्सनच्या अलीकडे. जूनमध्ये रात्री 11 ला पण उजेड, आणि डास असे की जेवताना ताटात पडायचे. आमच्या आगीचं नाव डोनी क्रीक. मेमध्ये वीज पडून लागली आणि वाढत वाढत 6 लाख हेक्टरच्या वर गेली, म्हणजे बाबा, अर्ध्याहून जास्त सातारा जिल्हा! एवढी आग माणसं विझवत नाहीत, ती पाऊस आणि बर्फच विझवणार, आपण फक्त रस्ता, गॅसच्या लायनी, वस्ती अशा बाजूच्या कडा धरून ठेवायच्या.

ज्वाळा मी फार कमी वेळा जवळून बघितल्या (आई, हे परत वाच). आमचं काम मागून. ओढ्यावर पंप लावायचा, तो पंचवीसेक किलोचा पंप पाठीवर न्यायचा, पाइप ओढत आत जायचं आणि कडेची जमीन थंड करायची. हातात पुलास्की, एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळ, तुम्हाला जाम आवडेल. आपल्याकडं गवत पेटतं, ओल्या फांदीने झोडपलं की बसतं. इथं खाली शेवाळ आणि कुजलेल्या मुळांचा जाड थर, आग त्यात शिरते आणि वर काहीच दिसत नाही. म्हणून खणायचं, ग्लोव्ह काढायचा आणि हाताची मागची बाजू हळूहळू मातीजवळ न्यायची, आई ताप बघायची ना तशी. गरम लागलं की पाणी मारून चिखल करायचा, परत हात. 12-12 तास हेच. 14 दिवस काम, 3 दिवस सुट्टी, आणि सुट्टीत नुसती झोप.

ऑगस्टमध्ये एकदा चुकले. संध्याकाळी दमले होते, शेवटच्या पट्ट्यातल्या एका खोडाच्या बुडाशी वरवर हात फिरवला आणि रेडिओवर थंड म्हणून सांगून टाकलं. सकाळी आलो तर तिथूनच दोऱ्यासारखा धूर. खणलं तर गुडघाभर खाली मूळ लाल होतं, आणि खोड ढकललं तर कसलाही आवाज न करता आडवं झालं, कारण खाली धरायला मुळंच उरली नव्हती. लीडर ओरडली नाही, तिने नुसती पुलास्की माझ्या हातात दिली आणि शेजारी उभी राहिली. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

त्या दिवशी बाबा, तुम्ही आठवलात. वणवा विझवून घरी यायचात, आई ताट वाढायची आणि तुम्ही अर्ध्या जेवणात उठून "एकदा बघून येतो" म्हणून परत डोंगराकडं. आई चिडून ताट झाकून ठेवायची आणि मी आईच्या बाजूने असायचे, म्हणायचे विझलाय तर आता काय बघायचं. आता मीच कॅम्पमध्ये झोपताना दिवसभराची खोडं मोजते. इथले जुने लोक म्हणतात बर्फ पडला तरी काही ठिकाणी खाली धुमसत राहणार, वसंतात परत धूर.

जेवण चांगलं असतं, उगाच काळजी नको. लसणाची चटणी मात्र जुलैतच संपली, अर्धी क्रूनेच खाल्ली, अंड्यावर घालून! पुढच्या वेळी दुप्पट दे.

पुढच्या वर्षी परत जायचं का ते ठरवलं नाहीये, म्हणजे ठरवलंय, पण ते फोनवर बोलू. रविवारी तुमच्या सकाळी करते. आज्जीला सर्व्हेच सांगा.

तुमची,
छोटी