बॉटचं टोकन म्हणजे किल्ली, हे मुलांना आधी सांगा

मा. संपादक, स.न.

शाळांमधल्या टिंकरिंग लॅबचं, म्हणजे मुलांनी हाताने यंत्रं बनवून बघायच्या प्रयोगशाळांचं, कौतुक होतं ते योग्यच आहे, पण तिथे एक गोष्ट राहून जातेय म्हणून हे पत्र. मुलं आता सेन्सरचं रीडिंग थेट सोशल मीडियावर पाठवतात आणि त्यासाठी नोड-रेड हे फार छान टूल आहे, २०१३ मध्ये आयबीएममधल्या दोघांनी बनवलेलं, फुकट, रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवरही चालतं. कोड जवळजवळ लिहावाच लागत नाही, चौकोन (त्यांना नोड म्हणतात) मांडायचे, एकमेकांना वायरने जोडायचे की झाला फ्लो, आणि तो चालू करायला डिप्लॉय दाबायचं. आठवीतल्या पोरांनाही जमतं.

आधी बरेच जण ट्विटरला (आताचं एक्स) जोडायचे, पण २०२३ मध्ये त्यांनी एपीआयचे, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामने जोडून घ्यायच्या सोयीचे, दर बदलले, तेव्हा फुकटात फक्त पोस्ट टाकता यायच्या, वाचायचं असेल तर महिन्याला १०० डॉलर लागायचे. कुठली शाळा देणार? त्यापेक्षा टेलिग्राम सोपं, तिथे बॉट म्हणजे आपोआप मेसेज पाठवणारं खातं बनवता येतं. टेलिग्रामच्याच बॉटफादर नावाच्या खात्याला मेसेज करायचा, बॉटला नाव द्यायचं, की तो एक लांबलचक टोकन देतो, ज्याच्याकडे ते असेल तो आपला बॉट चालवू शकतो.

आणि खरा घोळ इथेच होतो. बरेच जण एचटीटीपी रिक्वेस्टचा (वेबवर विनंती पाठवणारा) नोड घेतात आणि त्याच्या यूआरएलमध्येच, म्हणजे वेबच्या पत्त्यातच, टोकन पेस्ट करतात, चालतं पण मस्त, मग तोच फ्लो एक्स्पोर्ट करून व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात की बघा आमचा प्रोजेक्ट, आणि टोकन जसंच्या तसं सगळ्यांच्या हातात जातं. नोड-रेड पासवर्डसाठी असलेल्या खास रकान्यांतली माहिती वेगळ्या फाईलमध्ये ठेवतं, एक्स्पोर्टमध्ये ती जात नाही, पण यूआरएल किंवा कोड लिहायच्या फंक्शन नोडमध्ये हाताने लिहिलेलं त्याला कसं कळणार की हे गुपित आहे म्हणून. टेलिग्रामसाठी वेगळे नोड मिळतात ते वापरावेत, नाहीतर टोकन फ्लोच्या बाहेर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये, ठेवावं.

आम्ही सांगलीचे, पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ ला धोका हे इथल्या लहान पोरालाही पाठ असतं. म्हणून पोरांना पाण्याच्या पातळीचाच बॉट बनवावासा वाटतो, आणि मला ते मनापासून आवडतं. पण तो ग्रुपवर आला की लोक त्यावर विश्वास ठेवतात हो. टोकन कुणा खोडसाळ माणसाच्या हाती लागलं तर तो त्याच बॉटच्या नावाने रात्री दोन वाजता '४५ फूट' असा मेसेज टाकू शकतो, आणि २०१९ चा पूर बघितलेली म्हातारी माणसं तो मेसेज वाचून काय करतील याचा विचार करा.

अजून एक, नोड-रेडच्या एडिटरला सुरुवातीला पासवर्डच नसतो, १८८० हा पोर्ट (एडिटरकडे जायचा दरवाजाच) राउटरवरून बाहेर इंटरनेटला उघडला की कुणीही आत येऊन फ्लो बदलू शकतं, तेव्हा सेटिंग्जच्या फाईलमध्ये पासवर्ड आधी लावायचा. आणि दर सेकंदाला रीडिंग पाठवू नका, ग्रुपमध्ये बॉटला मिनिटाला २० च मेसेज चालतात, फिल्टर नोड लावला की आकडा बदलला तरच मेसेज जातो.

माझी विनंती आहे की शिक्षकांच्या ट्रेनिंगमध्ये पहिला बॉट बनवायच्या आधी हे शिकवावं, आणि टोकन फुटलंच तर बॉटफादरला /revoke पाठवायचं, जुनं टोकन लगेच बंद होतं आणि नवीन मिळतं, हे सुद्धा. आपल्या पेपरच्या विद्यार्थ्यांच्या पानावर हे मराठीत छापलंत तर गावाकडच्या लॅबपर्यंतही पोचेल.

– एक वाचक, सांगली