पुढचे सुनीतही वाचावे

महोदय,

इंग्रजी कवितेतल्या अढळ प्रेमाचा विषय निघाला की शेक्सपिअरचे ११६वे सुनीत (चौदा ओळींची कविता, सॉनेट) हमखास पुढे येते. तिकडे लग्नांतही ते हौसेने वाचतात. समोरचा बदलला म्हणून बदलते ते प्रेमच नव्हे. भरकटल्या गलबतांना वाट दाखवणारा तो तारा, असे कवी ठणकावतो. पण १६०९च्या संग्रहात लगेच ११७वे सुनीत आहे! त्यात कवी कबूल करतो, की तुझ्याकडे दुर्लक्ष केले, परक्यांत रमलो. वर बचाव काय, तर तुझ्या प्रेमाची निष्ठा पारखत होतो. (अगदी कोर्टातली भाषा, पटत मात्र नाही.) पाठ्यपुस्तकांत ही जोडी एकत्रच छापावी. मला तरी त्यातला दुसरा, चुकार कवी अधिक खरा वाटतो.

– एक वाचक, पुणे