पहिल्या कादंबरीच्या वाचकांचे मनापासून आभार

१९८२ च्या गिरणी संपावरची माझी पहिली कादंबरी तुम्ही हातोहात पुढे नेलीत. साचेखात्यात, म्हणजे गिरणीतल्या मागांच्या खात्यात, उमेदीची वर्षं घालवलेल्या परळच्या एका आजोबांनी नातीकडून अख्खं पुस्तक वाचून घेतलं आणि फोन केला, ‘धोट्यातली कांडी संपली की साचा कसा थांबतो, ते बरोबर लिहिलंयस रे पोरा.’ (साचा म्हणजे माग, धोटा म्हणजे त्यात आडवा धागा नेणारं साधन आणि कांडी म्हणजे धोट्यातली सुताची गुंडाळी.) याहून मोठी दाद मला ठाऊक नाही. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या ज्या दुकानदारदादांनी नवख्याचं पुस्तक दर्शनी फळीवर मांडलं, लालबागच्या ज्या ताईंनी ते चाळीचाळीतून फिरवलं (तेही विकत घेऊन, हे मुद्दाम सांगतो), त्या सर्वांचा मी ऋणी आहे. गिरणीत राबलेल्या आणखी कुणी वाचलं असेल, तर जरूर कळवा. दुसऱ्या आवृत्तीचं काम सुरू आहे.